पाकिटावर न लिहिलेलं

"ताई, तुम्हाला सीलिएक डिसीज आहे. आजपासून गहू बंद. महिन्या-दोन महिन्यांसाठी नाही, जन्मभरासाठी."

जळगावच्या पोटाच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. आम्ही खानदेशातली माणसं भाकरीवर वाढलेली, आणि मला धरलं कोणी, तर गव्हाने! डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. गव्हात आणि जवात ग्लूटेन असतं, त्याने कणीक चिकट होते. माझं शरीर त्यालाच शत्रू समजतं आणि त्या भांडणात आतड्याचं अस्तर झिजतं. मग कितीही खा, अंगी लागत नाही.

त्याआधीची चार वर्षं आठवली की आजही थकायला होतं. जुलाब, तोंडात फोड, जिना चढला की धाप. हिमोग्लोबिन वाढेना म्हणून लोहाच्या गोळ्या, मग सलाइन, मग कोणी सांगितलं म्हणून बीट आणि खजूर. शेवटी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी झाली. शरीर ग्लूटेनशी किती भांडतंय ते तिच्यात कळतं. मग एन्डोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढतात. दुखत नाही म्हणतात. उमासे मात्र येतात, हे मी सांगते.

पोळी सोडणं सोपं होतं. खरा ताप पाकिटांचा. मल्टिग्रेन लिहिलेलं बिस्कीट उलटून बघितलं, तर यादीत पहिला गहूच. रवा, दलिया, शेवया हे सगळं गव्हाचंच, हे कळत असून हात आपोआप तिकडे जायचा. माल्ट म्हणजे जव. आणि हिंग! डबीवरची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मी चष्मा वर-खाली करत उभी राहायचे, तर दुकानदार म्हणायचा, ताई, घ्यायचंय की अभ्यास करायचाय?

मोठ्या कौतुकाने मागवलेली ग्लूटेन-फ्री बिस्किटं खडूसारखी लागली. दोन खाल्ली, बाकीची डब्यात तशीच मऊ पडली. शेवटी राजगिऱ्याची चिक्की, ज्वारीच्या लाह्या आणि घरी तुपात परतलेले मखाणे, यांच्यावर गाडी आली. पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापलेलं असलं तरी खाली 'याच ठिकाणी गव्हाचे पदार्थ बनतात' अशी ओळ असेल, तर ते ठेवून द्या. मोह होतो, मला माहीत आहे.

मला एका बाबतीत मात्र काळजी नव्हती. आमच्या ह्यांचं पिंप्राळ्यात केळीच्या वेफर्सचं दुकान आहे. कच्ची केळी, तेल आणि मीठ. यात गहू कुठून येणार? रोज संध्याकाळी हे गरम वेफर्सची पुडी आणायचे. दिवसभरात मन लावून मी तेवढंच खायचे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साक्रीजवळ सासरच्या गावी गेलो. खापरावरचे पुरणाचे मांडे झाले होते. सासूबाईंनी माझ्या पानात अर्धा मांडा वाढला आणि म्हणाल्या, "खाई ले वं, एक घासमा काय व्हस?" मायेनेच म्हणाल्या, त्यांचा दोष नाही. मी भगर खाल्ली आणि मांड्याकडे बघत बसले. घासभरसुद्धा खाल्लं नाही.

तरी पोट ताळ्यावर येईना. गहू सोडून तीन महिने होत आले, जुलाब चालूच. मग श्रावण लागला आणि काय झालं कोण जाणे, हळूहळू उतार पडला. भूक लागायला लागली. नवरात्रापर्यंत चार किलो वजन वाढलं, टीटीजीही उतरला. महादेव पावला, असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं. मीही मानलं. बरं वाटत असताना कोण वाद घालतं?

दिवाळी झाली आणि पुन्हा तेच. संक्रांतीनंतर तपासणी केली, तर टीटीजी वाढलेला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खरं सांगा ताई. अधूनमधून चोरून पोळी होते ना?"

नाही म्हटलं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, आणि ह्यांनी माझ्याकडे. ती नजर मला आजाराहून जड गेली. घरी येताना स्कूटरवर हे म्हणाले, भिशीत वगैरे काही खाल्लं असेल, नीट आठवून बघ. दुसऱ्या दिवशी गव्हाच्या पिठाचा डबा उचलून दुकानात नेऊन ठेवला. माझ्यापासून लपवून! चाळिशी उलटलेली बाई मी, लग्नाला वीस वर्षं झालेली. त्या महिन्यात मी कोणाशी धड बोलले नाही. खायचीही इच्छा उरली नव्हती. एवढं जपून शेवटी चोरच ठरायचं असेल, तर मांडा तरी का सोडला, असं वाटायचं.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं होतं. बाकावर दोन तास बसलो. मॅडम लहान वयाच्या, पण त्यांनी ओरडायच्या आधी विचारलं. कुठल्या महिन्यात बरं होतं, तेव्हा काय खात होता. मी म्हटलं, श्रावण ते नवरात्र बरं होतं, आणि खाणं तेच, भाकरी, भगर, लाह्या, वेफर्स.

"वेफर्स कुठले?"

घरचे, मी ऐटीत सांगितलं.

"त्या कढईत आणखी काय तळता?" हा प्रश्न ह्यांना होता.

"शंकरपाळे, मैद्याच्या कडक पुऱ्या," हे म्हणाले. "पण श्रावणापासून नवरात्रापर्यंत वेफर्सना कढई वेगळी असते. तेल वेगळं, झारा वेगळा. लोकांचा उपास मोडायला नको म्हणून..."

मैदा ज्या तेलात तळला, त्याच तेलात माझे वेफर्स. उरलेले महिने ते रोज माझ्या पोटात जात होते, आणि मी ते आवडीने खात होते.

बाहेर आल्यावर मी सुनावलंच. म्हटलं, देवाच्या उपासाला कढई वेगळी, आणि बायको जन्मभराच्या उपासाला बसली तिचं काय? वर चोरही मीच! ह्यांनी स्कूटरची किल्ली नुसती हातात फिरवली.

पण दुसऱ्या दिवसापासून उपासाची कढई बारा महिने चालू झाली. दुकानात ती आता दुसऱ्या टोकाला आहे आणि वर पाटी आहे, 'या कढईत फक्त केळी'.

चार महिन्यांनी रिपोर्ट आला. टीटीजी चांगलाच उतरला होता. डॉक्टर खूश झाले. "बघा ताई, नीट पाळलं की होतं."

मी मनात म्हटलं, जाऊ दे, म्हणू दे काय म्हणायचं ते. तेवढ्यात हे उठून उभे राहिले. डॉक्टरांसमोर होला हो करणारा माणूस हा.

"साहेब, ती पहिल्यापासून पाळत होती. चोरून काही खाल्लं नाही तिने. मीच रोज मैद्याच्या तेलात तळलेल्या वेफर्सची पुडी बांधून देत होतो, आणि संशय तिच्यावर घेतला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझी माफी मागितली. मी टेबलाच्या आडून ह्यांच्या शर्टाची बाही धरली ती बाहेर येईपर्यंत सोडली नाही.

आजार जन्माचा आहे. पाकिटं वाचून आजही डोळे दुखतात, आणि लग्नाकार्यात डबा घेऊन जायचा अजून कंटाळा येतो. पण तुमच्या घरात असं कोणी असेल आणि रिपोर्ट वाढून आला, तर आधी कढई बघा, गव्हामागून ज्वारी दळणारी गिरणी बघा, हिंगाची डबी बघा. माणसावर संशय सगळ्यात शेवटी घ्या.