देवघरातलं जनावर

चहा घ्या आधी, गार होईल. लग्न जमवताना लोक पगार वाढवून सांगतात, वय कमी करून सांगतात. मी काय सांगितलं असेल? प्राणिशास्त्र!

संग्रामपूरला मी नुकताच सरकारी कारकून म्हणून लागलो होतो. महाराष्ट्र राज्य नवीन, मीही नवीन. टेबलावर तिकिटं ओली करायला वाटीत एक स्पंज असे. वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं, की स्पंज म्हणजे समुद्रातल्या एका प्राण्याचा सांगाडा. झालं! त्या दिवसापासून मी त्या वाटीशी जरा अदबीनं वागू लागलो.

अशात मामा मला वरवट बकालची मुलगी दाखवायला घेऊन गेले. आधीच्या दोन ठिकाणी माझ्या बोलण्यानंच फिसकटलं होतं. म्हणून वाटेत त्यांनी तंबी दिली, "इचारलं तेवढंच सांगजो. तुही अक्कल घरी ठेव."

मी ती सोबत नेली.

घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. मुलीच्या वडलांच्या, आबांच्या, गळ्यात तुळशीची माळ. मटणाचं नाव निघालं तरी चूळ भरणारे. धुळीनं माखलो होतो, म्हणून त्यांनी न्हाणीत पाणी दिलं. तिथं खुंटीला काय लटकत होतं? हातभर लांब, पिवळट, जाळीदार, अंगभर छिद्रं... स्पंज! ऑफिसातला नातू, तर हा आजोबा. मी तोंडावर कसंबसं पाणी मारलं आणि तो घेऊनच बैठकीत आलो.

"आबा, हे काय आहे, ठाऊक आहे?"

"घासनी हाय. काऊन?"

"हा प्राणी आहे."

मामांनी डोळे मिटले.

"रंध्रीय संघातला," मी पुढे निघालो. "फार पूर्वी विद्वान लोकसुद्धा याला वनस्पती समजत. हसू येतं हो! याला डोकं नाही, तोंड नाही, पोट नाही. जन्मभर एका जागी चिकटून बसतो. छिद्रांतून पाणी आत घेतो, वरच्या भोकातून बाहेर सोडतो. हा त्याचा सांगाडा."

"म्हंजे हाडं?" आबांनी गळ्यातली माळ धरली.

"हाडांसारखंच धरा."

"अहो, ह्यानंच देव घासतो आमी!"

मग काय विचारता! देव परातीत उतरले. गोमूत्र आलं. आबांनी चुळा भरल्या. मामांनीही भरल्या, पाहुणे म्हणून.

मला वाटलं, छाप पडली. आता शेवटचा पुरावा द्यावा. "हे बघा, पाणी इथून बाहेर पडतं," म्हणत मी तो उलटा धरला आणि टिचकी मारली.

सतरंजीवर टपटप काळ्या बिया पडल्या.

मग दाराआडून मुलीचा आवाज आला, "आबा, जनावरानं अंडे देल्ले वाटते."

आबांनी एक बी उचलून उजेडात धरली. "हे तं गिलकंच हाय! आपल्याच कुपाटीवरच्या वेलावर वाळलेलं!"

"मंग मघाशी काऊन नाही बोलले?" मामा कळवळले.

"सरकारी मानूस सांगून राह्यला. मले वाटलं, नव्या राज्यात बदललं असन."

गिलकं, म्हणजे घोसाळं, मी पाहिलेलं ते ताटात, हिरवं, डाळ घालून केलेलं. ते वेलावर वाळलं की त्याचं काय होतं, हे त्या पुस्तकात नव्हतं.

मामांनी टोपी घातली. "येतो आमी."

"बसा हो. पोरीले तं इचारू द्या," म्हणत आबा आत गेले. भिंत कुडाची. सगळं ऐकू येत होतं.

"कसा वाटला तुले?"

"त्यायनंच सांगतलं ना, आबा? डोकं नाही, जागा सोडत नाही. तोंड तेवढं हाय, ते पाहून घेईन मी. चालते."

लग्न झालं. तोंडाचं तिनं खरंच पाहून घेतलं. आणि तिचं वर्गीकरण? बिनचूक! ज्या खुर्चीवर नोकरीला लागलो, त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो.