दिवस बुडाल्यावरची नानकटाई

निखाऱ्यांचं ताट मी नुसतं जरासं उचलून बघणार होतो. आत नानकटाई फुलली की नाही, एवढीच माझी जिज्ञासा. पण सांडशी सापडेना म्हणून ताट रुमालानं धरलं, आणि रुमाल एस.टी.च्या पगारात परवडेल इतपत पातळ. हात भाजला, ताट कलंडलं, आणि वरचे निखारे राखेसकट खाली ओळीनं मांडलेल्या नानकटाईवर जाऊन बसले.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. रिसोडला मी एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो आणि खेमचंद किराणावाल्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. सूरजबाई या त्यांच्या पत्नी. बेकरीत अंडं वापरतात म्हणून त्या जैन घरात बेकरीची वस्तू उंबरा ओलांडत नसे. पण शेजारच्या जैतुनबी लोण्याची मसालेदार बिस्किटं करत, आणि त्यांनी भिंतीपलीकडून सांगितलेली कृती सूरजबाईंनी आपल्या धर्मात बसवून घेतली होती. लोणी चालत नाही, म्हणून ते कढवून तूप. अंड्याच्या जागी दही. ओलं आलं जमिनीखालचं, म्हणून सुंठ. भट्टी म्हणजे शेगडीवर पितळी पातेलं, तिकडच्या बोलीत गंज, गंजात वाळू, वाळूवर थाळी आणि वर निखाऱ्यांचं ताट. तेच ते ताट.

त्या दिवशी नेमक्या मंदिरातल्या बायका चाखायला बसल्या होत्या. पर्युषणातले उपास सोडायला यंदा सूरजबाईंची नानकटाई ठेवायची का, हे ठरायचं होतं. ठरवणाऱ्या पानाबाई, म्हणजे सूरजबाईंची मोठी नणंद. वरची राख झटकून सूरजबाईंनी थाळी पुढं केली. पानाबाईंनी एक नानकटाई उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि फुंकर मारली. राखेचा छोटा ढग उडाला.

"सूरजच्या हातचं खायचं असन," त्या म्हणाल्या, "तं आधी फुकून घ्या वं बायाहो."

बायका हसल्या. उपास सोडायला पेढे ठरले. आठवड्याभरात ते बोलणं गावभर झालं. सूरजबाईंच्या घरून पापड गेला तरी लोक आधी फुंकर मारत. एका घरी तर त्यांनी दिलेल्या नारळाच्या ओल्या तुकड्यावरही फुंकर मारली म्हणे.

सूरजबाई रडल्या नाहीत. मला तर एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी क्षमा मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात बघितला आणि भाजल्या जागी तूप लावलं. किती मोठ्या मनाची बाई, असं मी मनाशी म्हटलं. माझा हा समज चार महिने टिकला.

त्या रात्री त्यांनी खेमचंदशेठना एवढंच सांगितलं की, त्याच बायकांसमोर, त्याच तोंडानं बाईजींनी, म्हणजे नणंदेनं, मागून खाल्लं पाहिजे. शेठ म्हणाले, ते होणं नाही. ही बहीण लहानपणी बापाजवळ साधा फ्रॉकसुद्धा मागायची नाही, भाऊ तिच्यासाठी रडून मागेल याची वाट बघायची. सूरजबाईंनी दिवा बारीक केला आणि विषय संपवला.

मग चातुर्मास लागला.

पानाबाईंचा नेम कडक. दिवस असताना जेवायचं, मंदिरात जाऊन यायचं, आणि दिवस बुडाल्यावर सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. मंदिरातून परतताना त्या चारसहा बायकांना घेऊन भावाच्या ओट्यावर टेकत. हे सूरजबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांचाही नेम तोच, त्यामुळे शेगडी त्या उजेडातच विझवत. झाकण मात्र उघडत नसत. पलीकडच्या कडुनिंबामागं दिवस पुरता बुडाला, ओट्यावर गप्पा रंगल्या, की गंज दारात आणून ठेवत आणि झाकण बाजूला करत.

खाण्यापिण्याला नेमात बंदी होती. वासाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

आता वासाबरोबर कुणी खातानाही दिसायला हवं होतं. घरात रात्री खाणारा प्राणी एकटा मी. मला पानाबाईंच्या बरोबर समोर पायरीवर बसवण्यात आलं आणि घाईनं गिळायचं नाही, चावताना आवाज यायला हवा, अशी ताकीद मिळाली. एक धर्मनिष्ठ वृद्ध बाई नजर रोखून बघते आहे आणि आपण गरम नानकटाई मोडतो आहोत, हा प्रसंग दिसतो तितका सोपा नाही. पहिल्या आठवड्यात माझं वजन उतरलं. पुढं सवय झाली, आणि खरं सांगायचं तर स्टँडवर संध्याकाळची मेहकर गाडी लावतानाच मला त्या पायरीची ओढ लागू लागली.

सूरजबाई स्वतः चव बघू शकत नव्हत्या. त्यांना ती बघायचीही नव्हती. त्यांचं सगळं लक्ष पानाबाईंच्या नाकाकडं. त्या नाकावरून उद्याचा मसाला ठरे. वेलदोड्यानं नाक हललं नाही. जायफळानं एकदा वर झालं आणि परत खाली आलं. केशर टाकलं तेव्हा पानाबाई भावाचं दुकान बुडणार म्हणून हळहळल्या. मिऱ्यांनी त्यांना शिंक आली. मी म्हटलं, झालं काम. पण शिंकेला मागणं म्हणत नाहीत, असं सूरजबाईंचं मत पडलं. रेशनची साखर या लढाईत खर्ची पडली आणि शेठ चार महिने गुळाचा चहा प्यायले.

मधे क्षमावाणी आली. त्या दिवशी सगळे जैन एकमेकांकडं जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. नणंद-भावजयींनी हात जोडले, वाकल्या, डोळेही पुसले. मी सुटकेचा श्वास सोडला. संध्याकाळी बघतो तर गंज दारात, आणि आज लवंग.

"वहिनी, सकाळीच तर क्षमा झाली," मी म्हटलं.

"मी मांगतली, त्यायनं मांगतली," त्या निखारे विझवलेलं ताट खाली ठेवत म्हणाल्या. "देल्ली कोनं?"

दिवाळीच्या तोंडावर शेठ गुळाचा चहा पिताना सहज बोलून गेले की, आमची माय बाळंतिणीच्या लाडवात पिंपळमूळ फार घालायची, आणि पाना बाळंतपण उरकल्यावरही डब्यातून चोरून खायची. सूरजबाईंनी कपबशी उचलली आणि तशाच दुकानात गेल्या.

त्या संध्याकाळी झाकण बाजूला झालं तेव्हा पानाबाई कुणाच्या तरी जावयाची उणीदुणी काढत होत्या. जावई अर्ध्यावर राहिला. त्यांनी आधी गंजाकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. माझा घास तोंडातच थांबला. त्या खाली मान घालून काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हनलं, बाईजी? बायाईले आयकू नाही आलं."

"सकाळसाठी एक राहू दे म्हनलं."

"कोनासाठी?"

पानाबाईंनी पदर सारखा केला. "माह्यासाठी."

सूरजबाईंनी तेवढ्यावर भागवलं नाही. त्याच बायकांना त्यांनी घरोघर निरोप धाडला. सकाळी पानाबाई सगळ्यांच्या आधी येऊन ओट्यावर बसल्या होत्या आणि तळहातावरच्या रेषा दिसतात का ते पुन्हा पुन्हा बघत होत्या. रेषा दिसण्याइतका उजेड झाला की नेम सुटतो. रेषा दिसल्या. तरी सूरजबाई ऊन ओट्यावर येईतो बाहेर आल्या नाहीत. मग थाळी घेऊन आल्या, बायकांच्या मधोमध ठेवली. पानाबाईंचा हात पुढं झाला.

"फुका आधी, बाईजी."

पानाबाईंनी भावजयीकडं पाहिलं. तिथं दया नव्हती. त्यांनी नानकटाई तोंडाजवळ धरली आणि फुंकर मारली. काहीच उडालं नाही. मग डोळे मिटून खाल्ली. दुसरी उचलली तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, तरी आपणहून फुंकर मारली. जाताना सुंठ कमी पडली असं सांगितलं आणि उरलेल्या पदरात बांधून नेल्या.

त्या संध्याकाळी वास आला तसा मी नेहमीच्या पायरीवर जाऊन बसलो. मन भरून आलं होतं. मी हात पुढं केला आणि म्हटलं, वहिनी, सगळं गोड झालं, माझ्या हातून त्या दिवशी जे घडलं तेही आता फिटलं. सूरजबाईंनी झाकण काढलं, पदरानं वाफ माझ्याकडं वळवली, भिंतीवरून अख्खी थाळी जैतुनबींच्या हातात दिली आणि म्हणाल्या,

"तुमी आता नुसता वास घ्या, भाऊ."