शाईची जहाजं

आमच्या ॲडमिरलमामांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नोकरी सगळी रेल्वेच्या मालधक्क्यावर, घर गुढियारीत, आणि खारून नदी ओलांडतानासुद्धा ते बसचा दांडा घट्ट धरून बसत. पण चौकटींच्या कागदावर जहाजं बुडवण्यात त्यांचा हात धरणारा उभ्या रायपुरात कोणी नव्हता.

राज्य नवं झालं तेव्हा मी बदली होऊन आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. पहिल्याच रविवारी त्यांनी मला समोर बसवलं. दहा बाय दहा घरं, एका बाजूला आकडे, दुसरीकडे क पासून ञ पर्यंत अक्षरं. शाळेत शिकलेला ङ आयुष्यात प्रथमच माझ्या कामी आला. जहाजं लपवायची, एकेक घर पुकारायचं. नेम चुकला तर समोरच्यानं ‘पाणी’ म्हणायचं, बसला तर ‘लागला’. जहाज मात्र शाईनंच काढायचं. “पेन्सिलचं जहाज पळते,” मामा म्हणत.

खेळाचा इतिहास ते घरातल्या वडीलधाऱ्यांचा सांगावा तसा सांगत. “पयल्या महायुद्धातले शिपाई साध्या कागदावर खेळत म्हणते. मंग छापील वह्या निघाल्या, अन् मंग ते पिना टोचायचं प्लास्टिक.” हे ऐकूनही मी त्यांना वाढदिवसाला प्लास्टिकचाच संच दिला. मामांनी कौतुक केलं आणि त्याच्या भोकांत उदबत्त्या खोचल्या.

पुढे ऑफिस नव्या रायपुरात गेलं, पाठोपाठ मीही. रस्ते ऐसपैस, बस दिसली तर नवल. मग डाव फोनवर आला. रोज सकाळी सातला एकेक नेम. मामांचे गुडघे गेलेले, म्हणून नियम त्यांनीच केला: मी हरलो तर गुढियारीला जेवायला यायचं, ते हरले तर लेकीच्या हातचे अनरसे पाठवायचे. माझे नेम नेहमीच पाण्यात, त्यामुळे अनरसे कधी आले नाहीत. मी मात्र दोनदा जेवून आलो आणि तिसऱ्यांदा कंटाळलो.

त्या डावात माझी दोन घरांची एक होडी उरली होती, झ-तीन आणि झ-चारवर. पेन्सिलनं काढलेली. मामा म्हणाले, “झ-तीन.”

“पाणी,” मी म्हणालो.

पलीकडे कागदावर पेन फिरलं. मग होकार आला, “हव.”

मी होडी खोडून दुसरीकडे काढली. त्यांचा नेम तिथं आला की आणखी तिसरीकडे. महिनाभर माझं आरमार खोडरबराच्या जोरावर फिरत होतं आणि मला स्वतःच्या हुशारीचं हसू येत होतं.

एका सकाळी मामा म्हणाले, “पोट्ट्या, आता एकच घर उरलं. तुही होडी तं दोन घरांची. काहून रे, इतकी लांब हाय का गुढियारी?”

“येतो ना मामा, रविवारी,” एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. कोणत्या तोंडानं उचलणार? वाजू दिला. त्याच्या पुढच्या दिवशीही सातलाच वाजला. उचलला, तर मामांची लेक. “भैया, बाबा गेले.”

मी गेलो. सगळं आटोपल्यावर तिनं मला तो कागद आणून दिला. आधी बुडालेली जहाजं सोडून सगळीकडे चुकलेल्या नेमांच्या फुल्या होत्या. झ-तीनवर मात्र लागल्याचा भरीव गोल, झ-चार कोरं, आणि दोन्ही घरांभोवती निळ्या शाईनं नीट काढलेली होडी.

“तुमच्या आवाजावरूनच बाबांनी वळखलं होतं. मी म्हटलं, पकडून टाका न त्याले,” ती म्हणाली. “तर म्हणे, पकडून जिंकलो तरी तो येणार नाही, अन् फोनही बंद करील.”

मी मामांचंच पेन घेतलं आणि झ-चार भरलं. मी हरलो तर जेवायला यायचं, असा नियम होता. त्या दिवशी त्या घरात चूल पेटलेली नव्हती.