वर धरून बघ

फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. ‘ताई, आई गेली गं...’ एवढंच विलास म्हणाला. विलास माझा मामेभाऊ, म्हणजे गेली ती माझी मामी. लालबागच्या चाळीत लग्न होऊन आली ती तिथेच नव्वदीला टेकली. रडू मागाहून आलं. आधी मनात आलं ते भलतंच, की तिच्या गिरमिटाचं आता काय? मेलं हे माझं कुतूहल, कधी डोकं वर काढेल नेम नाही. मामा मला ‘चौकशी खातं’ म्हणायचा ते उगाच नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी शाळेत होते आणि मामाकडेच राहायचे. त्याच सुमारास गिरणीत मामाच्या डाव्या हाताची बोटं गेली आणि नोकरीही गेली. घरोघरी फळ्या, कड्या, पडद्याचे दांडे बसवून द्यायचे असं त्याने ठरवलं. जमलं तर मुंबई, नाहीतर बिऱ्हाड आवरून मालवणकडे गावी. लाकडाला भोकं पाडायला गिरमिट हवं, आणि ते तेव्हा हाताने चालायचं. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्याने चाक फिरवायचं. मामाचा तर एकच हात धड!

हरताळ संपून दुकानं उघडली तसे आम्ही तिघं नागदेवीच्या हत्यारबाजारात गेलो. मामाला हवं होतं छातीने रेटायचं मोठं गिरमिट. मूठ धरायला नको, कुणाची मदत नको. दुकानदारही ‘एकदम मजबूत, लाइफ निकल जायेगी’ करत तेच पुढे सरकवत होता. मी आपली प्रत्येक गिरमिटाचं चाक फिरवून बघत होते. मामी एकदम म्हणाली, ‘अवो, देवाचो फोटो छातीच्या उंचीर कोण लावता?’

खरंच की! फोटो, फळी, दांडा... सगळं डोक्याच्या वर. मामीने एकेक गिरमिट उचलून हात सरळ वर केला आणि तशीच उभी राहिली. दुकानात हलकं वाटलेलं वर धरल्यावर जड होतं, हे मला तेव्हा कळलं. हात थरथरायला लागला की ती ते खाली ठेवायची. शेवटी एक लहानसं, लाकडी मुठीचं गिरमिट तिने खालीच आणलं नाही.

‘ह्या. मी धरतंय, तुमी फिरवा.’

‘बायको धरतली? लोक हसतले.’

‘हसांदेत. हसूक तोंड वर केल्यानी, तर फळी दिसात.’

मामाचे कान लाल झाले होते. पण घेतलं ते त्यानेच, उजव्या हाताने.

पहिलं काम परळला एका शिंप्याच्या दुकानात मिळालं. लोक हसले, अगदी खो खो हसले. मामी स्टुलावर, मामा दुसऱ्या स्टुलावर, मध्ये ते गिरमिट, आणि मामाचं एकच पालुपद, ‘हलू नको गो.’ फळी मात्र अशी बसली की शेजारच्या दुकानदाराने लगेच आत बोलावलं. गावी जायचा विषय पुन्हा निघाला नाही. मामा गेल्यावर तिने ते कुणाला वापरू दिलं नाही. खंडेनवमीला तेलपाणी करून झेंडूचं फूल वाहायची. का देत नाहीस, असं मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, ‘एकट्याचा काम नाय ता.’

परवा मामीचा फोटो लावायला गेले. विलासने बॅटरीवरचं नवंकोरं ड्रिल आणलं होतं, चांगलं दांडगं. ‘वर धरून बघितलंस का घेताना?’ मी विचारलं. त्याने वर धरलं, आणि त्याचा सत्तरीचा खांदा लगेच कुरकुरला. मग त्याने भिंतीच्या लाकडी खांबावर पेन्सिलीने खूण केली. चांगली खाली, स्वतःच्या छातीपाशी.

‘अरे, छातीच्या उंचीवर कोण लावतो?’

तोंडातून निघून गेलं. विलासने ड्रिल टेबलावर ठेवलं, कपाट उघडलं आणि फडक्यात गुंडाळलेलं गिरमिट काढलं. मी स्टुलावर चढून मूठ धरली, हात सरळ वर केला. विलासने चाक फिरवलं.

‘हलू नको गं,’ तो म्हणाला.