बाटली तपासली, पिंप नाही

नातवंडांनो, तुमची आई लहान होती तेव्हा मी नोकरी करायची तो कारखाना हडपसरला होता. आम्ही लहान मुलांसाठी खोकल्याचं औषध करायचो. त्यात ग्लिसरीन लागे. ते पिंपांतून येई, सोबत पुरवठादाराचा तपासणी अहवाल आणि नमुन्याची एक छोटी बाटली. अहवालातले आकडे खरे आहेत का, हे पडताळणं माझं काम. मी बाटलीतलं ग्लिसरीन तपासायची, आकडे जुळले की सही करायची. ते नेहमी जुळत.

नियम होता प्रत्येक पिंप उघडून नमुना घेण्याचा. पण गोदामात सगळे पुरुष. पदर खोचून पिंपावर वाकायचा मला संकोच वाटे. शिवाय अहवाल इतक्या स्वच्छ इंग्रजीत टाइप केलेला असे, की शंका यायची नाही.

एका सकाळी गोदामातले मामा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्या बाटलीतलं अन् आमच्या पिंपातलं एकच हाय का?"

"म्हणजे काय, मामा?"

"न्हाई, एरवी काकवीवानी पडतंय. परवा चहावानी पडलं. म्हणलं, शिकलेल्या माणसाला इचारावं."

मी काचेची लांब नळी घेऊन गोदामात गेले. नळीच्या तोंडावर अंगठा धरून नमुना वर काढायचा असतो. माझा अंगठा सारखा सटकत होता. दुधाला लावतात तसला, दाटपणा मोजायचा मापक आमच्याकडे होता. बाटलीतल्या ग्लिसरीनमध्ये तो वर तरंगला होता. पिंपातल्या नमुन्यात तो खाली खाली जात राहिला. ग्लिसरीनऐवजी एक स्वस्त द्रव खपवतात आणि त्याने मूत्रपिंडं बंद पडतात, हे मी कॉलेजात वाचलं होतं. मी तशीच मॅनेजरसाहेबांकडे गेले.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "आपण सही केली आहे."

"बाटली तपासली होती. पिंप नाही."

त्यांनी त्या पिंपातून बनलेल्या औषधाचा माल थांबवला. एकच पेटी बाहेर गेली होती, नाना पेठेतल्या औषधवाल्याकडे. फोन केला. पेटी होती, एक बाटली कमी होती. ती त्याने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या मुलीसाठी घरी नेली होती.

"बाटली परत आणा. लेबल चुकलंय, एवढंच सांगा," साहेब म्हणाले.

मी औषधवाल्याच्या घरी गेले. मुलगी तेव्हाच्या तुमच्या आईएवढीच होती, तीन वर्षांची. जमिनीवर बसून पोहे खात होती. बाटली दोन चमचे रिकामी होती.

"लेबल चुकलं म्हणून एवढ्या लांब आलात?" तिच्या आईने विचारलं.

माझी नोकरी जाणार हे मला दिसत होतं. तरी सांगितलं, सगळं. सहीसकट.  ती मुलीला खरकट्या तोंडानेच कडेवर घेऊन दवाखान्याकडे निघाली. मी मागोमाग गेले. डॉक्टर म्हणाले, दोन चमच्यांनी बहुधा काही होणार नाही, पण लघवीवर लक्ष ठेवा.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभी राहायची. आत कुणी बोलवत नसे. मी एकच विचारायची, "लघवी होते ना?" ती "होते" म्हणायची आणि दार लावून घ्यायची. घरी आले की तुमच्या आईला जेवू घालताना मला त्या मुलीचं खरकटं तोंड आठवे.

नवव्या दिवशी मुलगीच दार उघडायला आली. आतून तिची आई म्हणाली, "होते हो. आता हे विचारायला रोज येत जाऊ नका."

तरीही मी दहाव्या दिवशी गेले.