एरंडेलावर चालणारी जर्मन मोटार

सांगलीहून आम्ही निघालो तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. महिना १९४६चा जानेवारी. सांगली आणि सातारा या भागात युद्धापूर्वी आलेल्या जर्मन मोटारी आज कोणत्या अवस्थेत आहेत आणि त्यांच्या मालकांना काय अनुभव आला, हे पाहून लिहावे, असे मला संपादकांनी सांगितले होते. काम साधे होते. मार्ग सांगली, इस्लामपूर, कऱ्हाड, पाटण आणि शेवटी सातारा असा ठरला होता.

मला घेऊन जाणारे गृहस्थ नेमगोंडा पाटील हे सांगलीचे जैन व्यापारी. हळदीचा व्यापार करतात. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सडपातळ. सगळे त्यांना नेमाण्णा म्हणतात. गाडी त्यांनी युद्धापूर्वी मुंबईत घेतली. तिचे नाव मी या लेखात देणार नाही, कारण तशी त्यांची विनंती आहे. जर्मनीशी युद्ध जाहीर झाले त्याच आठवड्यात त्यांनी नावाचा पितळी बिल्ला उचकटून काढला. बिल्ल्याच्या जागी चार भोके राहिली आहेत.

“आवं बातमीदार, नाव छापू नका,” ते म्हणाले. “लढाई संपली म्हनत्यात. पर कुनी सांगावं?”

गाडी लहान आहे. दोन नळकांड्यांचे इंजिन पुढची चाके फिरवते. मागची चाके नुसती फरफटत येतात. अंग लाकडी फळ्यांचे, वरून रंगवलेले कापड. आपल्याकडे अशा अंगाला वाळवीचे भय. नेमाण्णा दर महिन्याला सांध्यांत हळद भरतात, त्यामुळे दारांच्या कडा पिवळ्या झाल्या आहेत. या इंजिनाला वेगळे वंगण घालायचे नसते, तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. युद्धात ते खास तेल बंद झाले, तेव्हा नेमाण्णांनी एरंडेल वापरायला सुरुवात केली. गाडी गेल्यावर रस्त्यावर औषधाच्या कपाटासारखा वास राहतो.

सांगली संस्थानाची हद्द ओलांडून आम्ही सातारा जिल्ह्यात शिरलो. आष्ट्याजवळ एका वस्तीत मोटारीचा आवाज ऐकताच दोन दारे लागली आणि ओट्यावरचा म्हातारा आत गेला. बेचाळीसच्या चळवळीपासून या भागात मोटार म्हणजे पोलीस, असे गणित बसले आहे. नेमाण्णांनी वेग वाढवला नाही. ते ताशी वीस मैलांच्या वर कधीच जात नाहीत. हे इंजिन बिघडले तर सुटा भाग मिळण्याची आशा नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि प्रत्येक चढावर ते कान देऊन ऐकत होते.

इस्लामपुरात एका वकिलांची मोठी जर्मन गाडी पाहिली. ती दुसऱ्या कारखान्याची. चारी चाके काढलेली, खाली विटांचे थर. वकील उत्साहाने दार उघडून दाखवू लागले.

“गाडी उत्तम आहे. फक्त चालत नाही,” ते म्हणाले. “पण दार इतके घट्ट बसते की आतले बोलणे बाहेर जात नाही. खुनाच्या खटल्यातले पक्षकार मी इथेच बसवतो.”

त्यांच्याकडे युद्धापूर्वीची माहितीपुस्तके होती. नेमाण्णांच्या गाडीच्या कारखान्याचा इतिहास मी त्यांतून आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांतून जुळवला. कारखाना सॅक्सनीतला. पहिल्या महायुद्धात तिथे वाफेवर चालणारी मोटार करण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. मग मुलांच्या खेळण्यातले एक छोटे इंजिन केले गेले. तेच इंजिन वाढवत आधी मोटारसायकली आणि त्यानंतर मोटारी तयार झाल्या. आता तो मुलूख रशियनांच्या ताब्यात आहे आणि कारखान्यातली यंत्रे उचलून नेल्याच्या बातम्या येतात. मी हे वाचून दाखवत असताना नेमाण्णा उभे होते.

“म्हंजे आता पिस्टन न्हाई?” त्यांनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो.

ते बाहेर जाऊन गाडीत बसले.

कऱ्हाडला कोयना ओलांडून आम्ही पाटणच्या रस्त्याला लागलो. नेमाण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांचे लक्ष सूर्याकडे होते. पाटणच्या अलीकडे नदीकाठच्या एका गावात सखाराम माने यांच्या घरी उतरायचे होते. माने ऊस आणि हळद लावतात. पोहोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. मान्यांनी पाने वाढूनच ठेवली होती. भाकरी, वांग्याचे भरीत, ताज्या गुळाचा खडा. नेमाण्णांसाठी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून आणले.

जेवताना कळले की घरात काळजी आहे. मान्यांचा मुलगा यशवंत पलटणीत नाईक आहे. इटलीत लढून आला. त्याची रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. रजेवरच्या शिपायांना पुण्याला नेणारा लष्करी ट्रक साताऱ्याहून बरोबर बारा वाजता सुटणार होता. साताऱ्याला प्रवासी नेणारी पाटणची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते, आणि तिचा गॅसचा बंब दोन दिवसांपूर्वी फुटला होता.

“एकदा उशीर झालाय मला,” यशवंत म्हणाला. “लाल शाईचा शेरा हाय कागदावर. आता लढाई सरली, मानसं कमी करायला लागल्यात. दुसरा शेरा पडला की पयलं नाव माझं.”

“आन् मग हितं काय करनार?” म्हातारा म्हणाला. “दोन एकरांत चार भाऊ.”

नेमाण्णांनी हात धुतले. “आमी साताऱ्यालाच निघालोय. चल आमच्यासंगं.”

रात्री गुऱ्हाळ पाहिले. काहिलीत (रस उकळण्याच्या मोठ्या कढईत) रस खदखदत होता. सखाराममामा वर आलेली मळी झाऱ्याने काढत होते. रस आधी मांदणात (चरकाखालच्या हौदात) निवळू द्यायचा, वरचा घ्यायचा, तळाचा गाळ ठेवायचा. त्यांनी मला हे सारे समजावून सांगितले. त्यांचा गूळ कऱ्हाडच्या पेठेत रंगावर ओळखला जातो.

पहाटे कडाक्याची थंडी होती. नेमाण्णा अंघोळ आणि जप आटोपण्यासाठी आत गेले. जाताना म्हणाले, “मामा, डिकीतलं पेट्रोलचं दोन डबं टाकीत वता तेवढं.”

आम्ही सात वाजून वीस मिनिटांनी निघालो. यशवंत पूर्ण गणवेशात मागे बसला, मांडीवर ट्रंक. त्याची म्हातारी आई दारातून बाहेर आली नाही. सखाराममामा काही अंतर गाडीबरोबर चालत आले.

मल्हारपेठ सोडल्यावर उंब्रजचा रस्ता चढू लागतो. आठ वाजून पस्तीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज चिरका झाला, आणि तुटला. गाडी वीसेक हात घरंगळून थांबली. नेमाण्णांनी झाकण उघडले. इंजिनावर हात धरवत नव्हता. त्यांनी प्लग काढून बोट फिरवले. बोट कोरडे निघाले.

“डबं हलवून वतलं का रं?” त्यांनी यशवंतला विचारले. “ईस डाव हलवायला लागत्यात. थंडीत एरंडेल तळाला बसतंय.”

यशवंतने मांडीवरची ट्रंक बाजूला ठेवली. मग म्हणाला, “बानं निवळून वतलं.”

“काय?”

“डबा उघडला तर खाली दाट काय तरी दिसलं. बा म्हनला, पेट्रोलात गाळ हाय. आण्णा पानीसुदीक गाळल्याबिगर पीत न्हाईत, त्यांच्या गाडीला गाळ कसा घालायचा? वरचं निवळ तेवढं घेतलं.”

“आन् खालचं?”

“बैलगाडीच्या आसाला लावलं.”

नेमाण्णा रस्त्याच्या कडेला बसले. काही क्षण ते आवाज न करता हसत होते, असे मला वाटले. नंतर पाहिले तर हसत नव्हते.

जाम झालेले इंजिन थंड होऊ देऊन आत तेल सोडले तर कधी कधी सुटते. तेल नव्हते. यशवंत शेतातल्या घराकडे धावला आणि एका बाईला घेऊन आला. तिच्या कडेवर मूल होते, हातात बाटली.

“एरंडेल हाय, पर पोराचं हाय,” ती म्हणाली. “कुनाला द्यायचंय?”

“गाडीला.”

“आगं बया! गाडीचं प्वाट धरलंय व्हय?” तिने बाटली पुढे केली. “लय देऊ नका. साताऱ्यापातूर थांबायची न्हाई मग.”

ती एकटीच हसली. मी घड्याळ पाहत होतो. नऊ वाजून दहा.

थोडे तेल प्लगच्या भोकांतून आत सोडले. गिअर टाकून आम्ही गाडी पुढे-मागे रेटत राहिलो. पावणेदहाला चाके फिरली. उरलेले तेल टाकीत ओतून निघालो, पण पायी चालणाऱ्याच्या वेगाने. उंब्रजला पोहोचायला साडेदहा वाजले. तिथल्या वाण्याकडे दोन बाटल्या एरंडेल मिळाले. ते टाकीत मिसळावे म्हणून बाजारातल्या सहा जणांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरून पाळण्यासारखी हलवली. “बाळाचं नाव काय ठेवायचं?” एकाने विचारले. यशवंतने त्याच्याकडे पाहिले आणि तो पुन्हा गाडी हलवू लागला.

उंब्रजपासून तीन मैलांवर इंजिन पुन्हा अडखळून बंद पडले. या वेळी पूर्ण जाम नव्हते. थंड होईपर्यंत थांबावे लागले. पुन्हा चालू झाले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. सातारा सतरा मैल. ताशी वीसच्या हिशेबाने पोहोचायला पन्नासहून अधिक मिनिटे लागणार होती. आमच्याजवळ पंचेचाळीस होती.

“आण्णा, सावकाश घ्या,” यशवंत मागून म्हणाला. “गाडी जाईल तुमची. दुसरी आता जर्मनीतनं यायची न्हाई. शेरा पडला तर पडंल.”

नेमाण्णांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली. “दार घट्ट धरा,” ते मला म्हणाले. “त्येची कडी ढिली हाय.”

पुढच्या प्रवासाचे वर्णन मला नीट करता येत नाही. सुई पंचवीसवर गेली, मग पस्तीसवर. बैलगाड्या, झाडे, धुळीत उभी माणसे मागे पडत गेली. इंजिनातून टोला येऊ लागला. आधी अधूनमधून, नंतर प्रत्येक फेऱ्याला. निळसर धूर आत शिरला. एका सपाटीवर सुई पंचेचाळीसवर थरथरताना मी पाहिली. एरवी चढाचढाला ऐकणारे नेमाण्णा समोर रस्त्याकडे पाहत राहिले.

साताऱ्याच्या नाक्याअलीकडच्या चढावर मोठा आवाज झाला. गिअरपेटीतले काळे तेल रस्त्यावर पसरले आणि गाडी थांबली. अकरा वाजून त्रेपन्न मिनिटे. यशवंतने ट्रंक खांद्यावर घेतली, नेमाण्णांच्या पायांना हात लावायला वाकला.

“पळ की रं!” नेमाण्णा ओरडले.

तो पळाला. मी मागोमाग गेलो, पण गाठू शकलो नाही. मी पोहोचलो तेव्हा ट्रकचे इंजिन सुरू होते आणि एक हवालदार यादी वाचत होता. यशवंत रांगेत शेवटचा, छाती वरखाली होत असलेला. त्याचे नाव पुकारले गेले. “हजर,” तो म्हणाला. ट्रक निघताना त्याने मला जवळ बोलावले.

“गाडीचं बाला कळवू नका,” तो म्हणाला.

साताऱ्यातल्या मिस्त्रीने दुपारी इंजिन उघडले. एका पिस्टनचे तुकडे झाले होते, दुसरा चिरला होता. असा पिस्टन मुंबईतही मिळणार नाही, असे तो म्हणाला. नेमाण्णांनी हे मान हलवून ऐकले आणि गाडी त्याच्या छपराखाली ठेवली. जाताना दारांच्या सांध्यांतली हळद गळली आहे का, ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने मिरजेला आणि तिथून सांगलीला परतलो. मी ज्या कामासाठी गेलो होतो ते वहीत पुरे झाले होते: कारखान्याचा इतिहास, गाडीची बांधणी, वकिलांचे मत. या भागात अशा गाड्या किती दिवस टिकतील, याचे उत्तरही मिळाले होते. जिथे त्या तयार होत तिथे आता काही तयार होत नाही. इथे त्या चालवणारी माणसे हळद, एरंडेल आणि काळजी यांवर त्यांना जगवतात. आणि एखाद्या दिवशी त्यांच्याहून महत्त्वाचे काही समोर येते. राहिले होते फक्त नेमाण्णांचे मत.

“मालक म्हणून तुमचा अनुभव काय लिहू?” मी रेल्वेच्या डब्यात त्यांना विचारले.

त्यांनी बराच विचार केला. “लिवा, पंचेचाळीसनं पळती,” ते म्हणाले. “मलाबी कालच कळलं.”

मग त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढले. मांडीवर ठेवून, हेलकावे सांभाळत, सखाराममामांना दोन ओळी लिहिल्या आणि शुद्धलेखन बघा म्हणून कार्ड माझ्याकडे दिले. मजकूर असा होता: “यशवंता वेळेवर पोचला. तुम्ही निवळून दिलेले पेट्रोल गाडीस फार मानवले.”

बातमीदार म्हणून मी त्यातले एक वाक्य खोडायला हवे होते. मी ‘वेळेवर’मधला वेलांटीसारखा दिसणारा डाग पुसला आणि कार्ड परत दिले.