विहिरीतला अंतोनी

मुंबईला चित्रकला शिकायला निघालो, तेव्हा आमच्या गिरीज गावच्या घरातला लाकडी संत अंतोनी मी हट्टाने मागून घेतला. वीतभर मूर्ती, आजोबांनी फणसाच्या लाकडात कोरलेली. म्हटलं, हिच्याकडे बघून हात बसवीन. आयने ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि बैलगाडी हलेपर्यंत एकच घोकत राहिली, "बघून झालं का परत आन हां."

तुम्हा गिरीजकरांना सांगायला नको, पण माझ्यासारखे इकडे मुंबईत येऊन बसलेले विसरले असतील. घरात काही हरवलं की आय अंतोनीला दोरी बांधून विहिरीत उलटा सोडायची. "शोधून दे, मग वर काढते!" कोयता सापडे, कोंबडी सापडे. त्या बिचाऱ्याच्या अंगाला मात्र भेगा पडल्या.

आमच्या सरांना त्या भेगाच आवडल्या. मूर्ती प्रदर्शनात गेली, काचेत बसली. खाली चिठ्ठी लागली: 'अज्ञात कारागीर. भेगांतून बोलणारी युगाची वेदना.' लोक आधी चिठ्ठी वाचायचे, मग मूर्तीकडे बघून हळहळायचे. कसली डोंबलाची वेदना, विहिरीचं पाणी ते! पण कायमची ठेवून घेऊ का, असं सरांनी विचारलं, तेव्हा फुशारून हो म्हटलं. आजोबांचं नावसुद्धा सांगितलं नाही, आणि आयला विचारलं नाही.

दोन वर्षं वाट बघून आय स्वतःच मूर्ती न्यायला प्रदर्शनात आली. दारात वहाणा काढून थेट काचेपाशी गेली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "हा आमचा हाय. उघड." तो खेकसला. माणसं जमली, माझ्याशेजारी उभे असलेले सर वळून बघू लागले. पहारेकऱ्याने मला विचारलं, "ही बाई तुमच्याबरोबर आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

तिच्या लुगड्याची, तिच्या बोलण्याची लाज वाटली मला. आज हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. आयने माझ्याकडे एकदा बघितलं, वहाणा हातात घेतल्या आणि निघून गेली.

घर म्हणजे काय, तर आपण हरवलो तर तिथलं कुणीतरी हटून शोधेल, एवढीच माझी खात्री होती. परवा भावाचं पत्र आलं. आयच्या कानातली, लग्नातली कुडी वाडीत पडली. सगळे शोधायला निघाले, तर आयनेच अडवलं. "ऱ्हाऊ दे. गेलं ते गेलं." मी कधी येणार, हे या खेपेला पत्रात कुणी विचारलं नव्हतं.